एका गोधडीखाली

सत्तरच्या दशकात आठवड्यातून एकदा आसपासच्या गावांतल्या बायका जामखेडला येत. काही एस. टी.नं, बऱ्याचशा पायी. मराठा, माळी, धनगर, दलित वस्तीतल्या. वयानं पोक्त, नातवंडं झालेल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. दिवसभर शिकायचं, एका पंगतीत जेवायचं आणि रात्री तिथंच जमिनीवर झोपायचं. थंडीत पांघरायला जोडून शिवलेली भली मोठी गोधडी असायची, एकीत अनेकजणी मावतील अशी. एकेकीला वेगळं पांघरूण द्यायचं नाही, हे मुद्दाम ठरवलेलं होतं. गावात जिला आपल्या विहिरीवर चढू द्यायचं नाही, तिच्या कुशीला लागून झोपायचं, नाहीतर रात्रभर कुडकुडायचं. पहिले काही आठवडे अवघड गेले असणार. पण थंडी कुणाची जात विचारत नाही.

हे घडवून आणणारे डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीच्या शिक्षक दांपत्याचे चिरंजीव. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल या जबलपूरच्या, ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या कन्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एकत्र शिकले आणि १९६० मध्ये लग्न केलं. लग्नातच त्यांनी शपथ घेतली की आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी घालवायचं. अशा शपथा पुष्कळ जण घेतात आणि नंतर पुण्यात दवाखाना थाटतात. हे दोघं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात गेले. तिथं रुग्णांच्या रांगा लागत, शस्त्रक्रिया होत, नाव झालं. पण तेच मूल तोच जुलाब घेऊन पुन्हा येई, आणि एखाद्या पावसाळ्यात येईनासं होई. रुग्णालय चांगलं चाललंय आणि गाव आजारीच आहे, हा हिशेब दोघांना पटेना. मग अमेरिकेला जाऊन त्यांनी पुढचं वैद्यकीय शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये जामखेड गाठलं. गावकऱ्यांनी बोलावून घेतलं होतं. दवाखान्यासाठी जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची.

जामखेड तालुका बीडच्या सीमेला लागून, अवर्षणाच्या पट्ट्यातला. दिवाळी सरली की ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्यांचा हा मुलूख. इतिहासाच्या पुस्तकातली १७९५ची लढाई झाली ते खर्डा याच तालुक्यात, आणि अहिल्याबाई होळकरांचं चौंडीही याच तालुक्यात. देशभर घाट आणि विहिरी बांधून देवभक्ती पाण्याच्या रूपानं दाखवणारी बाई जिथं जन्मली, तिथंच सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी पाण्यावाचून माणसं घर सोडत होती. १९७२चा दुष्काळ तर आरोळे दांपत्य येऊन दोन वर्षं होतात तोच पडला.

त्या दुष्काळातली कूपनलिकांची हकिकत मला या सगळ्या कामातली सर्वांत हुशारीची वाटते. पाणी कुठं लागेल ते पाहायला भूजलतज्ज्ञ येत. डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, पाणी शोधायचं ते दलित वस्तीत. तिथं हातपंप बसले. गावातल्या विहिरी आटलेल्या. मग वाड्यातल्या बायकाही हंडा कमरेवर घेऊन त्या वस्तीत येऊ लागल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. कुणाला शपथ घातली नाही, भाषण ठोकलं नाही. भूजलतज्ज्ञानं सांगितलेली जागा, तिच्याशी वाद कोण घालणार?

तरुण पोरांसाठी व्हॉलीबॉल होता. संध्याकाळी गावात जाऊन डॉक्टर स्वतः खेळायचे. चेंडू कुणाच्या हातून आला हे बघायला खेळात सवड नसते. खेळ संपल्यावर तिथंच बसून गप्पा, त्या गप्पांतून शेतकरी मंडळं आणि पुढे बांधबंदिस्ती, झाडं लावणं. बायकांची महिला मंडळं जरा उशिरा उभी राहिली, पण टिकली ती जास्त.

आरोग्यसेवेचा पहिला बेत मात्र फसला होता. प्रत्येक गावात शिकलेली परिचारिका ठेवायची असं ठरलं होतं. पण एकटी तरुण मुलगी परक्या गावात राहायला तयार होईना, आणि गावातल्या बायाही तिच्याशी मोकळं बोलेनात. तेव्हा एका सरपंचानंच सुचवलं, आमच्याच गावातली बाई का शिकवत नाही? त्यातून ‘आरोग्य सेविका’ उभी राहिली; दर आठवड्याला जामखेडला येऊन गोधडीखाली झोपणाऱ्या त्या याच. तिला शिकवायच्या गोष्टी साध्या होत्या. जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. बाळंतपणाआधी हात साबणानं धुवायचे, नाळ नव्या ब्लेडनं कापायची, स्वच्छ दोऱ्यानं बांधायची. पोटुशीनं पोटभर जेवायचं. हे शेवटचं पटवणं सगळ्यांत कठीण, कारण बाळ मोठं झालं तर अडेल म्हणून गरोदर बाईनं कमी खावं, असं सासवा पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या होत्या.

गोवर आला की देवी आली, कोड किंवा कुष्ठ झालं की कोप झाला, असा गावाचा समज. इथं ख्रिस्ती डॉक्टर थेट देवीवर बोलले असते तर काम त्याच दिवशी बंद पडलं असतं. बोलायच्या त्या सेविका, आणि त्या स्वतः त्याच देवीच्या भक्त. देवीला नैवेद्य दाखवू, पण पोराला पाणी आणि खिमट देऊ, ही त्यांची भाषा. आरोळे दांपत्य श्रद्धावान होतं, ते त्यांनी कधी लपवलं नाही. जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाचा पाठिंबाही या कामाला होता. पण आपला धर्म त्यांनी कुणाच्या गळ्यात बांधला नाही. तो दिसला तो कुठं राहायचं, कुणाशेजारी जेवायला बसायचं आणि पंप कुणाच्या दारात बसवायचा, या निवडींत. धर्माधारित सेवेबद्दल आपल्याकडे दोनच मतं असतात, एक आरती ओवाळणारं आणि एक धर्मांतराचा वास घेत फिरणारं. जामखेड दोन्हींच्या चौकटीत बसत नाही. खराटा घेऊन गाव झाडणारे गाडगेबाबा ज्यांना कळतात, त्यांना हे काम समजायला अडचण येऊ नये.

आकडे बोलके आहेत. १९७१ मध्ये या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला, आणि नव्वदच्या दशकात तिशीच्या खाली गेला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत जगानं प्राथमिक आरोग्याचा ठराव केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम आता पुढच्या पिढीकडे आहे.

नक्कल करणं मात्र सरकारला जड गेलं. २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर ग्राम आरोग्य कार्यकर्त्याची योजना निघाली. निवडले गेलेले बहुतांश पुरुष, प्रशिक्षण तीन महिन्यांचं, तेवढं झालं की संपलं. जामखेडचं शिक्षण दर आठवड्याला, वर्षानुवर्षं चालू राहिलं होतं. चुका घेऊन बाई परत येई आणि त्यांवरच पुढचा धडा होई. योजनेत हा भाग कुणी घेतला नाही, कारण तो खर्चाच्या रकान्यात मावत नाही.

२००५ नंतर आलेल्या ‘आशा’ योजनेनं निदान बाईवर विश्वास टाकला. आज वाड्यावस्त्यांवर आशाताई नसती तर लसीकरणाचं काय झालं असतं, हे करोनाच्या काळात सगळ्यांनी पाहिलं. मोबदला तिला बराचसा कामागणिक मिळतो, तोही वेळेवर मिळावा म्हणून अधूनमधून रस्त्यावर उतरावं लागतं. आणि तिच्या निवडीला शिक्षणाची अट आहे, आधी आठवी, नंतर दहावी. जामखेडच्या त्या गोधडीखाली झोपलेल्या पहिल्या तुकडीतल्या बहुतेक जणींना या जागेसाठी अर्जसुद्धा करता आला नसता.