मिकोनॉस बंदरातील एक दिवस : डेलॉस बेटाची स्वतंत्र यात्रा

समुद्र ओलांडणे ही गोष्ट आपल्या घराण्यांस नवी नाही. केवळ हौसेखातर तो ओलांडण्याची सोय मात्र नवी आहे. अथेन्सनजीकच्या पिरीअस बंदरातून निघून ईजियन समुद्रातील बेटांना भेटी देत फिरणाऱ्या प्रचंड पर्यटनबोटींवर आज जगाच्या सर्व भागांतील उतारू आढळतात. मॉरिशसच्या नागरिकांस २००९ पासून युरोपातील शेंगेन देशांत अल्प मुक्कामासाठी व्हिसा काढावा लागत नाही. त्यामुळे आपल्यापैकी कोणासही असा प्रवास आता अशक्य कोटीतला राहिलेला नाही. (तरीही निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घेणे इष्ट.) अशी बोट सकाळी एखाद्या बेटापाशी थांबते आणि सायंकाळी पुढे निघते. मधल्या सात-आठ तासांचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक उतारूपुढे उभा राहतो. बोटीच्या कचेरीने आखलेल्या सहलीत सामील व्हावे, की आपली वाट आपण शोधावी? प्रस्तुत लेखात दुसऱ्या मार्गाचा विचार केला आहे. त्यासाठी मिकोनॉस हे गजबजलेले बंदर आणि त्याच्या शेजारचे डेलॉस हे निर्मनुष्य बेट निवडले आहे, आणि तसे करण्यास एक विशेष कारणही आहे. ते ओघाने येईलच.

दोन मार्गांतील भेद

बोटीवरून विकल्या जाणाऱ्या सहलीत एक मोठी निश्चिंती असते. सहलीची मंडळी वाटेत अडकली तर बोट त्यांच्यासाठी थांबते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यासाठी ती थांबत नाही. ठरलेली वेळ टळली की बोट निघून जाते आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. स्वातंत्र्याची किंमत ही एवढीच आहे, परंतु ती विसरून चालत नाही. म्हणून उतरण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्या. बोटीवर परतण्याची अखेरची वेळ टिपून घ्यावी. ती सामान्यतः बोट सुटण्याच्या अर्धा तास अगोदरची असते. बोटीवरील घड्याळ आणि बेटावरील घड्याळ एकच वेळ दाखवीत आहेत ना, याची खात्री करावी. आणि दैनिक पत्रकात बंदरातील प्रतिनिधीचा जो दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, तो पारपत्राच्या नकलेसह खिशात ठेवावा. त्या अखेरच्या वेळेपूर्वी निदान दीड तास मिकोनॉस गावात परतलेले असावे, असा नेम ठेवल्यास चिंतेचे कारण उरत नाही.

खर्चाचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलै २०२५ पासून ग्रीक सरकार पर्यटनबोटींच्या उतारूंवर बंदर-कर आकारते. जून ते सप्टेंबर या गर्दीच्या दिवसांत मिकोनॉस व सँटोरिनी येथे तो दरडोई २० युरो आहे. तो बोटीच्या कंपनीमार्फत वसूल होतो, म्हणून भाड्याच्या हिशेबात त्याचा समावेश आहे की नाही हे आधीच विचारावे.

मिकोनॉसहून डेलॉसकडे

मोठ्या बोटी बहुधा तूर्लोस येथील नव्या बंदरास लागतात. तेथून गाव सुमारे २ किलोमीटरांवर आहे. किनाऱ्याच्या कडेने जाणाऱ्या लहान लाँचने जुन्या बंदरात काही मिनिटांत पोहोचता येते. काही बोटी मात्र खोल पाण्यातच उभ्या राहतात आणि उतारूंना आपल्या लहान होड्यांतून थेट जुन्या बंदरात आणून सोडतात. डेलॉसला जाणाऱ्या लाँच या जुन्या बंदरातूनच सुटतात. सुमारे अर्ध्या तासाचा तो प्रवास. तिकीट घेताना परतीच्या सर्व वेळा विचारून घ्याव्या. त्या ऋतूप्रमाणे बदलतात, आणि डेलॉसवर रात्र काढण्यास पर्यटकांस मुळीच परवानगी नाही. तेथे सावली जवळजवळ नाही, म्हणून टोपी, भक्कम पादत्राणे व भरपूर पाणी जवळ असावे.

जुलै-ऑगस्टमध्ये या समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा जोरदार वारा वाहतो. तो अनावर झाला की लाँच बंद राहतात. असे घडल्यास विरस होऊ देऊ नये. मिकोनॉस गाव पायी पाहण्याजोगे आहे. पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या अरुंद, वाकड्यातिकड्या गल्ल्या, टेकाडावरील पवनचक्क्या, पाण्यालगत उभी असलेली जुन्या व्यापाऱ्यांची घरे, आणि पाच लहान देवळे एकात एक मिसळून बनलेले पारापोर्तिआनी हे चर्च, हे सारे दोन-तीन तासांत होते. बंदरावर मांतो माव्रोयेनूस या स्त्रीचा पुतळा आहे. १८२१ साली सुरू झालेल्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात आपली सारी संपत्ती खर्ची घालणारी ही वीरांगना.

अपोलोची जन्मभूमी

डेलॉस हे जेमतेम ५ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहूनही कमी रुंद असे खडकाळ बेट. परंतु ग्रीकांच्या मनात त्याचे स्थान केवढे! देवाधिदेव झ्यूस याच्यापासून गर्भवती राहिलेल्या लेटोस, झ्यूसची पत्नी हेरा हिच्या कोपाच्या भयाने, कोणतीही भूमी थारा देईना. अखेर या दरिद्री बेटाने तिला आश्रय दिला आणि तेथे एका ताडवृक्षास कवटाळून तिने अपोलोला जन्म दिला, अशी कथा आहे. ज्यास कोणी ठाव दिला नाही त्यास निर्धनाने ठाव द्यावा, ही कल्पना आपल्या पुराणांच्या श्रोत्यास परकी वाटणार नाही.

पुढे हे बेट इतके पवित्र मानले गेले की इसवी सनापूर्वी ४२६ च्या सुमारास अथेन्सकरांनी तेथील सर्व थडगी उकरून अस्थी शेजारच्या रेनिया बेटावर नेल्या, आणि डेलॉसवर कोणी जन्मू नये व कोणी मरू नये असा नियम केला. प्रसूती जवळ आलेल्या स्त्रियांस व मरणोन्मुख माणसांस पलीकडच्या बेटावर नेण्यात येई. देवाच्या नावाने सामान्य माणसाची केवढी ओढाताण होऊ शकते, याचे हे एक उदाहरणच म्हणावे लागेल.

येथील उत्खनन १८७३ पासून अथेन्समधील फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने चालविले आहे, आणि १९९० साली युनेस्कोने या बेटास जागतिक वारशात स्थान दिले. नॅक्सॉसच्या लोकांनी अर्पण केलेल्या संगमरवरी सिंहांची रांग हे येथील सर्वांत परिचित दृश्य होय. मात्र उघड्यावर दिसतात त्या प्रतिकृती, मूळ सिंह संग्रहालयात ठेवले आहेत. समोरचे पवित्र सरोवर हिवतापाच्या भयाने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कोरडे करण्यात आले. त्याच्या जागी लेटोच्या स्मरणार्थ एक ताड उभा आहे. नाट्यगृहाच्या वस्तीत श्रीमंतांची घरे, त्यांतील रंगीत दगडी तुकड्यांची चित्रे आणि पावसाचे थेंबन् थेंब साठविणारी टाकी आहेत. एका घरात क्लिओपात्रा व डिओस्कोरिडीस या अथेन्सच्या दांपत्याचे पुतळे उभे आहेत. ही क्लिओपात्रा म्हणजे मिसरची राणी नव्हे. पायांत बळ असल्यास सुमारे ११२ मीटर उंचीचा किंथॉस डोंगर चढून जावे. माथ्यावरून भोवतालच्या बेटांचे कडे दृष्टीस पडते.

जेथे माणसे विकली गेली

आता या लेखाचे विशेष कारण. इसवी सनापूर्वी १६६ च्या सुमारास रोमने हे बेट अथेन्सच्या हवाली करून ते जकातमुक्त बंदर म्हणून जाहीर केले. इसवी सनापूर्वी १४६ साली कार्थेज व कॉरिंथ ही नगरे उद्ध्वस्त झाल्यावर धनाढ्य झालेल्या रोमन लोकांस शेतमळ्यांसाठी व घरकामासाठी असंख्य गुलाम हवे होते. समुद्रावरील चाचे माणसे पकडून आणीत आणि डेलॉसच्या धक्क्यावर त्यांचा सौदा होई. एकाच दिवसात १०,००० गुलाम आणून, विकून, रवाना करण्याची या बंदराची क्षमता होती, असे प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबो याने लिहिले आहे. आकडा अतिशयोक्त असला तरी व्यापार खरा होता. ते अन्याय मुकाट्याने सोसत राहिले असेही नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात येथे गुलामांचे बंड झाल्याचा उल्लेख इतिहासकार डिओडोरस करतो.

लाँचमधून उतरल्यावर जो पहिला चौक लागतो, त्यास 'कॉम्पेटालियास्तांचा चौक' म्हणतात. हे कॉम्पेटालियास्त म्हणजे रोमन धन्यांचे गुलाम व बंधमुक्त झालेले सेवक. चव्हाट्याच्या रक्षक देवतांची पूजा करण्यासाठी त्यांनी आपले मंडळ स्थापिले होते, आणि शिलालेखांत त्यांची नावे कोरलेली आढळली आहेत. ज्यांचे शरीरही स्वतःचे नव्हते, त्यांनी आपले मंडळ मात्र उभारले, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नमूद करण्याजोगी नाही काय?

परदेशी येऊन राहिलेल्या इतर लोकांचीही येथे अशीच मंडळे होती. बैरूतच्या व्यापाऱ्यांचे सभागृह, सिरियाच्या देवतांचे देवालय, यहुदी लोकांचे प्रार्थनास्थान असे अनेक अवशेष दिसतात. त्यांत सेरापिस या मिसरी देवाच्या लहानशा देवळाची हकीकत मोठी हृद्य आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तेथील एका स्तंभावर ती कोरली गेली. अपोलोनिऑस नावाचा पुजारी मिसर देशातून आपला देव बरोबर घेऊन आला. त्याचा मुलगा डिमिट्रिऑस याने ती सेवा पुढे चालविली. देव मात्र भाड्याच्या खोल्यांतच होता. पुढे आजोबांचेच नाव धारण करणाऱ्या नातवास स्वप्नात दृष्टान्त झाला की आता स्वतःचे देऊळ हवे. त्याने उकिरड्याची एक जागा विकत घेतली आणि सहा महिन्यांत देऊळ बांधले. कोणी द्वेष्ट्यांनी त्याच्यावर फिर्याद केली. तीही त्याने जिंकली. आजोबांनी देव आणला, बापाने सांभाळला, नातवाने त्यास घर दिले. हा वृत्तांत वाचताना आपल्या वाचकांस कोणकोणत्या देवळांची आठवण होईल, हे लिहून दाखविण्याची आवश्यकता नाही.

दोन बंदरे

डेलॉसचा धक्का पाहताना पोर्ट लुईचा आप्रवासी घाट डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे. तो २००६ साली जागतिक वारशात समाविष्ट झाला. १८३४ ते १९१० या काळात साडेचार लाखांहून अधिक करारबद्ध मजूर आपल्या बेटावर आले; मुंबई बंदरातून निघालेले आपले पूर्वज त्यांपैकीच होत. करार म्हणजे गुलामगिरी नव्हे, हा भेद जपला पाहिजे. कारण आपल्याआधी ज्यांना खरोखरच विकत आणले गेले, त्यांचे दुःख वेगळे व अधिक दारुण होते. तथापि दिवस स्वतःचा नसणे म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांसही पुरेपूर ठाऊक होते. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने तर करार पुरा झालेल्या मजुरासही आपले छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटका म्हणून अटक होई. या जाचाविरुद्ध १८७१ साली हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज गेला, आणि १८७२ साली चौकशीसाठी रॉयल कमिशन आले.

तरीही एका बाबतीत आपण भाग्यवान आहोत. डेलॉसवर विकल्या गेलेल्या बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या पूर्वजांची नावे, गावे, क्रमांक, आणि कित्येकांची छायाचित्रेही मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात जतन केलेली आहेत. ज्या घरांनी अजून ती शोधली नाहीत, त्यांनी ग्रीसच्या यात्रेआधी ही यात्रा करावी.

परतीची वाट

तीन तासांत डेलॉस सावकाशीने पाहून होते. शेवटच्या लाँचसाठी न थांबता तिच्या आधीची धरावी, म्हणजे वाऱ्यामुळे खोळंबा झाला तरी हाताशी वेळ राहतो. जुन्या बंदरावर एखाद्या साध्या खाणावळीत टोमॅटो, काकडी व चीज यांची कोशिंबीर आणि पाव मिळतो. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. एखादी निवांत घटका मिळाल्यास गावातील पुराणवस्तुसंग्रहालय उघडे आहे का पाहावे. डेलॉसवरून हलविलेल्या थडग्यांतील भांडी तेथेच ठेवलेली आहेत.

स्वतःच्या हिमतीवर काढलेला असा दिवस पैशाची बचत करतो, हे खरे. परंतु त्याचे मोल तेवढेच नाही. कोठे जावे, कोठे थांबावे, केव्हा परतावे हे सर्व स्वतः ठरविण्याचा अधिकार ज्या पिढ्यांस नव्हता, त्यांच्या वंशजांनी तो अधिकार डोळसपणे वापरावा. मुलानातवंडांस बरोबर न्यावे, नकाशा त्यांच्या हाती द्यावा, आणि घड्याळाकडे लक्ष मात्र वडीलधाऱ्यांनी ठेवावे.