एकादशी, साबुदाणा आणि शुगर
उपवासाला हलकी म्हणून आपण ताटभर खिचडी हाणतो. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. प्रथिनं, तंतू नावालाच. त्यात वर बटाटा! दाण्याचं कूट सढळ हाताने घातलं की साखर जरा सावकाश चढते, तरी छोटी वाटीच पुरे. सोबत काकडी, ताक.

खरा धोका मात्र उलट बाजूचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निरंकार राहिलात, तर साखर धाडकन उतरू शकते: हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की उपवास तिथेच सोडा. तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि डोसचं डॉक्टरांना विचारायचं ते दशमीला, द्वादशीला नव्हे.