लॅपटॉप ‘डेड’ आहे, म्हणजे नेमकं काय?

बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच राहिली, की आपण लॅपटॉप ‘डेड’ ठरवून मोकळे होतो. पण पंखा फिरत असेल किंवा कॅप्स लॉकचा दिवा लागत असेल, तर वीज आत पोचते आहे. संशय रॅमवर किंवा डिस्प्लेवर घ्यायचा. टॉर्च तिरका धरल्यावर पुसट चित्र दिसलं, तर बहुधा फक्त बॅकलाइट गेलेला असतो.

काहीच हालचाल नसेल, तेव्हा खरा शोध सुरू होतो. लॅपटॉपचं बटण ट्यूबलाइटच्या बटणासारखं वीज जोडत-तोडत नाही. ते फक्त ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाच्या चिपला इशारा देतं. लॅपटॉप बंद असतानाही ही चिप साधारण ३.३ व्होल्टवर जागी असते. इशारा मिळाला की ती एकेक व्होल्टेज ठरलेल्या क्रमानं सुरू करते. प्रोसेसरचा सुमारे १ व्होल्टचा पुरवठा शेवटी येतो. मधली एक पायरी हुकली, तरी पुढचं सगळं ठप्प.

कधी ही चिपच अडकून बसते. म्हणून आधी चार्जर आणि निघत असेल तर बॅटरी काढून बटण ३० सेकंद दाबून धरायचं. उरलासुरला चार्ज निघून जातो. टचपॅड वर उचललेला दिसला, तर मात्र बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग लगेच थांबवायचं.

एवढ्यानं भागलं नाही, तर कारागीर डीसी पॉवर सप्लायवरून बोर्डाला १९ व्होल्ट देतो आणि अँपिअरचा आकडा बघतो. आकडा शून्यावरच असेल, तर जॅकपाशी किंवा त्यामागच्या मॉस्फेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचपाशी वाट तुटलेली. दोन-तीन शतांश अँपिअर दिसतोय, पण बटण दाबूनही हलत नाही? मग बटण किंवा कंट्रोलर तपासायचा. आणि व्होल्टेजच कोसळलं, तर बोर्डावर शॉर्ट आहे.

शॉर्टचा गुन्हेगार अनेकदा जेमतेम मिलिमीटरभराचा सिरॅमिक कपॅसिटर असतो. शेकडोंतून तो हुडकायचा कसा? शॉर्ट झालेल्या लाइनला कमी व्होल्टेज देऊन बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरायचं. शॉर्टच्या जागी उष्णता तयार होते, त्यामुळे तिथलं अल्कोहोल सगळ्यात आधी उडून जातं.

यूएसबी-सी चार्जरची तऱ्हा थोडी वेगळी. तो आधी ५ व्होल्ट देतो, लॅपटॉपशी ‘बोलणी’ झाल्यावरच बहुतेकदा २० वर जातो. मधे लावलेला यूएसबी मीटर ५ वरच अडकला, तर ती बोलणी फिसकटली आहे. केबल बदलून बघण्यापासून सुरुवात करायची.

तेव्हा कुणी ‘बोर्डच बदलावा लागेल’ म्हणालं, तर आधी विचारा: सप्लायवर अँपिअर किती दाखवतोय?