नकाशात उरलेलं तळं

कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात पूर्वी पाणी कुठवर होतं, हे तीन काळांतल्या नकाशांवरून आणि नोंदींवरून उलगडतं.

• रँचोचे नकाशे: मेक्सिकन राजवटीत गुरं चारण्यासाठी मोठमोठ्या जमिनी, म्हणजे रँचो, दिल्या जात. अर्जासोबतच्या हाती काढलेल्या नकाशाला ‘दिसेन्यो’ म्हणत. त्यात प्रमाण काटेकोर नसे. पण ओढे, टेकड्या, झाडी मात्र मन लावून रेखलेली असत.

• मोजणीच्या वह्या: १८५० नंतर सरकारी मोजणीदार ६६ फुटी साखळी ओढत फिरले. दलदल कुठे लागली, कुठे संपली, हे त्यांनी वहीत टिपलं.

• कालव्यांचे नकाशे: १८७०च्या दशकात ‘मिलर अँड लक्स’ या गुरांच्या बड्या कंपनीच्या जमिनींत कालवे खेळले. १८८०च्या दशकात राज्य अभियंता विल्यम हॅमंड हॉल यांनी खोऱ्यातल्या सिंचनाचे तपशीलवार नकाशे केले.

• तुलारे तळं: किंग्ज, कविया, टुली आणि कर्न नद्यांवर पोसलेलं खोऱ्यातलं हे विस्तीर्ण तळं पाणी शेतीकडे वळवल्यामुळे आटलं आणि नकाशातच उरलं. योकुट्स या मूळनिवासी लोकांची वस्ती त्याच्या काठी होती.

२०२३च्या पुरात पाणी पुन्हा याच तळ्याच्या जागी साचलं आणि हजारो एकर शेतं बुडाली.