बुद्धिबळपटू यंत्राची परीक्षा

बुद्धिबळाच्या पटाला खेळणाऱ्याचे वय, कूळ वा कीर्ती ठाऊक नसते. तरीही पटाजवळ कोणास बसू द्यावे, याविषयी माणसे वाद घालीत आली आहेत. गिरगावातील ‘नवाकाळ’ या दैनिकाचे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तिन्ही कन्यांनी महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांपैकी रोहिणी १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मोठा गहजब झाला. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. बळ अजमावावयाचे, तर ते पटावरच आणि समान नियमांनी, हाच त्या निर्णयाचा अर्थ होय.

पुढे पटासमोर माणसाऐवजी यंत्र येऊन बसले आणि हेच तत्त्व पुन्हा कसोटीस लागले.

संगणक संभाव्य चालींच्या मालिका पाहतो, त्यांतून उद्भवणाऱ्या स्थितींना गुण देतो आणि त्यानुसार चाल निवडतो. आयबीएम कंपनीचा ‘डीप ब्लू’ हा संगणक एका सेकंदात सुमारे वीस कोटी स्थिती तपाशी. परंतु गणनेचा वेग म्हणजे खेळातील बळ नव्हे. ते बळ तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यापुढेच सिद्ध व्हावे लागते.

१९९६ साली फिलाडेल्फिया येथे डीप ब्लूने जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याला पहिल्याच डावात हरविले. तेवढ्यावरून यंत्र श्रेष्ठ ठरविले असते, तर तो निवाडा फसला असता. कारण सहा डावांचा तो सामना कास्पारॉव्हने ४–२ असा जिंकला. १९९७ साली न्यूयॉर्क येथे याच्या उलट घडले. पहिला डाव कास्पारॉव्हने जिंकला. सामना मात्र यंत्राने ३½–२½ असा जिंकला. दोन्ही वेळी पहिल्या डावाचा विजेता अखेर पराभूत झाला!

एखाद्या डावात थकव्याने वा अनवधानाने चूक होऊ शकते. म्हणून पुष्कळ डाव खेळवावे लागतात, पांढरी व काळी मोहरी आलटून पालटून द्यावी लागतात. अशा अनेक डावांच्या निकालांवरून खेळाडूचे बळ आकड्यात मांडण्याची पद्धत आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसविली. जागतिक संघटनेने ती १९७० साली स्वीकारली. दोघांच्या गुणांकनात २०० चा फरक असेल, तर शंभर डावांत वरचढ खेळाडूस सुमारे ७६ गुण मिळावेत, असे ही पद्धत सांगते. विजयास एक गुण व बरोबरीस अर्धा, असा तो हिशेब असतो.

परंतु केवळ डाव मोजून भागत नाही. अटीही समान हव्यात. १९९७ साली कास्पारॉव्हचे शेकडो जुने डाव यंत्राच्या निर्मात्यांपाशी होते. यंत्राचे अलीकडचे डाव मात्र त्याला पाहावयास मिळाले नाहीत. पुढे २००२ साली बहारीन येथे व्लादिमीर क्रामनिक याला ‘डीप फ्रिट्झ’ हा प्रोग्रॅम अगोदरच अभ्यासास देण्यात आला. तो सामना ४–४ असा बरोबरीत सुटला. २००६ साली बॉन येथे मात्र याच प्रोग्रॅमने क्रामनिकला ४–२ असे नमविले.

आज उत्तम प्रोग्रॅम जगज्जेत्यालाही फार मागे टाकतात. त्यामुळे त्यांची परीक्षा त्यांच्या परस्परांतील हजारो डावांवरून होते आणि माणसाचीच चाल यंत्राच्या चालीशी ताडून पाहिली जाते. परीक्षक व परीक्षार्थी यांची अशी अदलाबदल झाली, तरी न्यायाची रीत पालटलेली नाही. एका जयाने कोणी श्रेष्ठ ठरत नाही, एका पराजयाने कोणी हीन ठरत नाही. आणि ज्याला पटावर बसूच दिले नाही, त्याच्या बळाविषयी बोलण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.