गोडेतेल वाण्याने महाग केलं?

कोरोनाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "वाण्यांनी माल दाबून ठेवला, म्हणून सगळं महागलं." माल दाबणारे होते, नाकारत नाही. मास्क आणि सॅनिटायझरमध्ये तर उघड लूट झाली. म्हणूनच केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दोन्ही वस्तू जीवनावश्यक ठरवल्या आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपयांची मर्यादा घातली.

पण "सगळं"? त्याच सुमारास कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने चिकनचे भाव कोसळले. पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी मिळेल त्या किमतीला काढले, काहींनी जिवंत पुरले. हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद पडल्यावर दूध इतकं उरलं की भुकटी करण्यासाठी राज्य सरकारने रोज १० लाख लिटरपर्यंत दूध २५ रुपये दराने घ्यायचं ठरवलं.

आता गोडेतेल. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. पामचे घड उंच झाडावरून माणसालाच कापावे लागतात, दर दहा-पंधरा दिवसांनी. कापलेला घड दिवसभरात गिरणीत पोचला नाही तर तेलाचा दर्जा उतरतो. मलेशियात ही कापणी मुख्यतः परदेशी मजूर करतात. सीमा बंद झाल्या, मजूर येईनात. मे २०२० ते मे २०२१ या वर्षभरात तिथला पामतेलाचा भाव दुपटीवर गेला. गल्लीतल्या वाण्याने चार डबे माळ्यावर लपवून हे घडवलं म्हणायचं का? "आम्ही शेंगदाण्याचं तेल खातो, पामशी काय संबंध?" संबंध आहे. एक तेल महागलं की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळतं, आणि तेही चढतं.

कांदा कोरोनाने महागला? नाही. २०२० च्या पावसाने कर्नाटकातलं पीक झोडपलं. सप्टेंबरात निर्यातबंदी झाली ती त्या टंचाईपायी.

कच्चं तेल स्वस्त, मग डिझेल का नाही? कारण ५ मे २०२० रोजी केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी आणि पेट्रोलवरचा १० रुपयांनी वाढवला.

आणि साथ ओसरली की भाव पूर्वीवर येतात? महागाईचा दर ७ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी १०० रुपयांची वस्तू वर्षाने १०५ लाच मिळते.