परळची वारी, वऱ्हाडातून

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार बहुधा दोन-अडीच वर्षं चालतात. म्हणजे बडनेरा-अकोल्याहून परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत रात्रीच्या गाडीच्या फेऱ्या आल्याच. रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाला पूर्ण, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते.

मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. बाबा आपल्याच शेंडगावचे. सेंट ज्यूड केंद्रांत (२००६पासून) मुलाला आईवडिलांसह मोफत राहता येतं.

आणि गावात मागे राहिलेल्यांनी? ‘काही लागलं तर सांगजा’ म्हणून कुणी सांगत नसतं. दोन दिवस त्या कुटुंबाच्या वावरात डवरणी करून द्या, घरी उरलेल्या भावंडाला आपल्या ताटावर बसवा. पोर परतलं की भेटायची घाई नको. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. सर्दी-खोकला असेल तर फोनच बरा.